सुइने की सूई, रुपे का धागा : राग आसा

गोदातीर

नांदेडला आमचं घर गुरुद्वाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. आजोबा पहाटे उठून बंब पेटवायचे आणि त्याच सुमाराला लांबून कीर्तन ऐकू यायचं. वारा गोदावरीकडून असला की शब्दसुद्धा कळायचे. मला वाटायचं, हे रोज एकच का गातात? खूप वर्षांनी कळलं की ते खरोखरच रोज तेच असतं. त्याला 'आसा दी वार' म्हणतात, आणि ज्या रागात ती आहे त्याचं नाव आसा.

गेली दोन वर्षं जमेल तसा याच्या मागे आहे. संगीत शिकलेलो नाही, कान आहे फक्त. जे हाती लागलंय ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

गुरू ग्रंथसाहिबची मांडणी आपल्या गाथांसारखी नाही. आपल्याकडे अभंग विषयवार लावलेले असतात. तिथे आधी राग, मग त्या रागात कोणकोणत्या गुरूंनी आणि भक्तांनी काय म्हटलं ते. १४३० पानं, एकतीस मुख्य राग. सिरी, माझ, गउडी आणि चौथा आसा. ३४७ पासून ४८८ पर्यंत हा एकच राग चालतो. गउडी सोडला तर एवढा मोठा विभाग दुसऱ्या रागाचा नाही. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी भाई गुरदासांकडून ही पोथी लिहवून घेतली तेव्हा प्रत्येक रचनेवर राग, रचना कोणाची आणि 'घर' असं मथळ्यात घातलं. स्वरलिपी कुठेच नाही. म्हणजे राग कागदावर नावापुरता, बाकी सगळा गळ्यातून गळ्यात आलेला.

आता मला खरं जे सांगायचंय ते. आसा दी वार संपते तिथून पुढे त्याच रागात भक्तांची वाणी सुरू होते. आधी कबीर, मग आपले नामदेव, मग रविदास, धन्ना आणि शेवटी शेख फरीद. विणकर, शिंपी, चांभार, शेतकरी आणि एक सूफी. आणि या चौदा पानांत सूत, माग, सुई, कात्री पुन्हा पुन्हा येतात.

वारेतच ४७१ वर गुरू नानक जानव्याबद्दल सांगतात: 'दइआ कपाह संतोखु सूतु जतु गंढी सतु वटु'. दयेचा कापूस, संतोषाचं सूत, संयमाची गाठ, सत्याचा पीळ. असं जानवं असेल तर घाल म्हणे पंडिता, ते तुटत नाही की मळत नाही.

४८४ वर कबीर: 'कोरी को काहू मरमु न जानां, सभु जगु आनि तनाइओ तानां'. त्या कोष्ट्याचं मर्म कोणालाच कळलं नाही, त्यानं सगळ्या जगाचा ताणा घातलाय. धरती आणि आकाश हा त्याचा माग. चंद्र-सूर्य हे दोन धोटे.

४८५ वर नामदेव: 'मनु मेरो गजु जिहबा मेरी काती, मपि मपि काटउ जम की फासी'. मन हा माझा गज, जीभ माझी कात्री, मापून मापून यमाचा फास कापतो. आणि शेवटी 'सुइने की सूई रुपे का धागा, नामे का चितु हरि सउ लागा'.

४८७ वर, धन्न्याच्या वाणीशेजारी, गुरू अर्जनदेवांचं पद आहे. त्यात हे सगळे एका रांगेत बसवलेत. अर्ध्या दमडीचा छीपा (कापड छापणारा) नामदेव लाखमोलाचा झाला, विणणं सोडून कबीर चरणी लागला, ढोरं ओढणारा रविदास, सेना न्हावी, आणि हे ऐकून उठलेला जाट धन्ना.

मला हा योगायोग वाटत नाही. माग सुरू व्हायच्या, दुकान उघडायच्या आधीच्या पहाटेचा हा राग आहे, हातानं काम करणाऱ्यांचा, असं माझं मत झालंय. तुम्ही कुठे आसा ऐकलाय का? आणि स्वरांच्या अंगानं हा राग नेमका काय आहे, हे कोणी सांगेल का?

---

षड्जगाम

छान विषय काढलात. मी गाणं शिकवते, स्वरांचं सांगते.

सर्वसाधारणपणे जो आसा गायला जातो त्यात सगळे स्वर शुद्ध. आरोह सा रे म प ध सां. अवरोह सां नि ध प म ग रे सा रे ग सा. म्हणजे चढताना पाच स्वर, उतरताना सात. वादी, म्हणजे मुख्य स्वर, मध्यम; संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, षड्ज.

पेटी असेल तर समोर घ्या. नुसता आरोह वाजवा: सा रे म प ध सां. दुर्गा राग वाटेल. माझ्या विद्यार्थिनींना वाजवून दाखवलं तर सगळ्या 'दुर्गा!' म्हणाल्या. आता उतरा. दुर्गात ध प म रे सा असं येतो, निषाद आणि गंधार नाहीत. इथे वरून उतरताना शुद्ध निषाद लागतो आणि तिथेच दुर्गा संपतो. पुढे मध्यमावरून गंधार, ऋषभ, षड्जावर आलो असं वाटतं तोवर पुन्हा रे, ग आणि मग षड्ज. हे 'रे सा रे ग सा' म्हणजे आसाची सही. घराच्या दारापर्यंत येऊन उंबऱ्याला हात लावून एकदा मागं बघावं, मग आत जावं, तसं.

कर्नाटक पद्धतीतला आरभी ऐकला असेल तर तो आरोह-अवरोहात अगदी जवळचा आहे, पण लावण्याची ढब वेगळी. आपल्या मैफलींत आसा फारसा ऐकायला मिळत नाही. ख्यालवाल्यांनी त्याला जवळ केला नाही. तो टिकला तो पंजाबच्या लोकसंगीतात आणि गुरुद्वाऱ्यात.

---

मळवट

आसा म्हणजेच आसावरी ना? कोमल गंधार, धैवत, निषादवाला?

---

षड्जगाम

नाही, वेगळे. आसावरीत तुम्ही म्हणता ते कोमल स्वर आहेत, आसात एकही नाही. मात्र ग्रंथसाहिबात आसाच्या विभागातच आसावरीतली काही पदं येतात, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. 'आसा काफी' असाही मथळा तिथे आढळतो.

---

रानजाई

मी ऐकलाय! ह्यांची बदली अमृतसरला होती, तीन वर्षं. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या बीजींनी मला पहाटे हरमंदिर साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, नेलं. अंधार, पायाखालचा संगमरवर इतका गार की तळवे बधिर झाले. दोन-तीनदा थांबून पाय चोळले. बीजींनी पायात काही न घालता, न थांबता परिक्रमा केली. त्यांचं वय सत्तरच्या पुढे होतं.

आत आसा दी वार चालू होती. मला पंजाबी येत नव्हतं, पण रचना दोन दिवसांत समजायला लागली. आधी छंत, म्हणजे एक गेय कडवं, येतो, गोड, संथ. तो शिखांचे चौथे गुरू रामदास यांचा. बीजींनी पहिलीच ओळ शिकवली: 'हरि अंम्रित भिंने लोइणा मनु प्रेमि रतंना राम राजे'. अमृतानं डोळे भिजले. मग सलोक, म्हणजे छोटे श्लोक. ते जवळजवळ बोलल्यासारखे म्हणतात, ताल बाजूला ठेवून. आणि मग पउडी, म्हणजे वारेचं कडवं, आली की तबला उघडतो. थाप अशी पडते की झोपाळलेलं माणूस ताठ बसेल. पउडीच्या शेवटाला संगतही आवाज मिसळते. असं चोवीस वेळा, मधे मधे दुसरी पदं गुंफत. बाहेर उजाडलेलं आपल्याला कळतही नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. सलोकांत एके दिवशी 'सो किउ मंदा आखीऐ जितु जमहि राजान' आलं आणि बीजींनी माझा हात दाबला. जिच्या पोटी राजे जन्मतात तिला वाईट का म्हणावं? घरी येऊन त्यांनी अर्थ सांगितला. ही ओळ त्या रोज पहाटे ऐकत होत्या, पन्नास वर्षं. मला त्यांचा त्या वेळी फार हेवा वाटला. आपल्या आजीच्या रोजच्या पाठात असं एखादं वाक्य असतं तर तिचं आयुष्य थोडं तरी वेगळं गेलं असतं का, असं मनात आलं.

---

गोदातीर

रानजाई, फार सुंदर लिहिलंत. पउडीला तबला का उसळतो त्याचं उत्तर 'वार' या शब्दात आहे. वार म्हणजे पंजाबचा पोवाडा. ढाढी लोक वीरांची गाथा गायचे ती. ग्रंथात अशा बावीस वारा आहेत आणि त्यांतल्या नऊंवर, ती कुठल्या जुन्या पोवाड्याच्या चालीवर म्हणायची, ते लिहून ठेवलंय. आसा दी वारेवर लिहिलंय 'टुंडे अस राजै की धुनी'. टुंडा म्हणजे थोटा. असराज हा लोककथेतला राजपुत्र, सावत्र आईनं घेतलेल्या खोट्या आळापायी त्याचा हात तोडला गेला. पुढे त्याच थोट्या हातानं त्यानं राज्य मिळवलं, भावांशी लढून जिंकला. त्याचा पोवाडा लोकांच्या तोंडी होता. ती चाल घेतली आणि शब्द नानकांचे बसवले.

आपल्याकडे शाहिरी चालीवर कोणी अभंग बांधला तर नाकं मुरडणारे निघतील. तिथे चारशे वर्षांपूर्वी पोथीतच लिहून ठेवलं की पोवाड्याच्या चालीवर म्हणा.

---

हुजूरी

सत श्री अकाल. नमस्कार मंडळी. मी नांदेडचाच, आमच्या पाच-सहा पिढ्या इथंच गेल्या. घरात दखनी बोलतो, शाळा मराठीत झाली.

गोदातीर दादा, मनापासून लिहिलंय तुम्ही. दोन-तीन गोष्टी सांगू का? राग मानू नका.

एक, आम्ही 'पान' म्हणत नाही, 'अंग' म्हणतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंघजींनी इथं नांदेडातच ग्रंथाला गुरुगादी दिली. तेव्हापासून ते पुस्तक नाही, गुरू आहेत. त्यांचं अंग असतं, पान नसतं. तुम्ही मुद्दाम नाही लिहिलं, ठाऊक आहे.

दोन, 'महला' हा शब्द बघितला असेल. महला १ म्हणजे गुरू नानक, महला ५ म्हणजे गुरू अर्जनदेव. सगळे गुरू पदांत 'नानक' हीच सही करतात, म्हणून कोणाची वाणी ते महला सांगतो. आणि 'रहाउ' म्हणजे थांबा. ज्या ओळीपुढं रहाउ लिहिलंय तीच स्थायी करायची. तुमच्या अभंगात 'ध्रु.' असतं ना, तेच. पण हल्ली पुष्कळ जण पहिली ओळ स्थायी करून मोकळे होतात. पद प्रश्नानं सुरू होतं, उत्तर रहाउमध्ये असतं, आणि हे प्रश्नच परत परत गातात. मग अर्थ उलटा होतो. लहानपणी एका शिकवणीत मला असंच शिकवलं होतं. पुढं आमच्या ताऊजींनी, म्हणजे थोरल्या काकांनी, एकेक पद समोर घेऊन दुरुस्त करून घेतलं. वर्ष गेलं त्यात.

तीन, तुमच्या मुख्य म्हणण्याबद्दल. कबीरजींचा माग फक्त आसामध्ये नाही. गउडीत आहे, गूजरीत आहे. गूजरीत तर त्यांची आई मुसमुसून रडते, की पोरानं विणणंच सोडलं, आता ही लेकरं जगणार कशी. तेव्हा सुताचा राग म्हणून आसाच धरणं मला पटत नाही. आसा पहाटेला असतो तसा संध्याकाळीही असतो. 'सो दरु' म्हणजे संध्याकाळच्या पाठाचं पहिलं पद, तेही आसाच. दोन्ही सांध्यांना एकच राग. आमच्या घरात ताऊजी म्हणायचे, आसाला वेळ नसते, आस असते.

---

गोदातीर

हुजूरी, राग कसला मानायचा. वर संपादन करायची मुदत गेली, पण इथून पुढे अंगच लिहीन. आणि गूजरीचं मला माहीत नव्हतं. तुमचं बरोबर आहे, 'सुताचा राग' हे मी ओढूनताणून बसवलं. इतकंच म्हणतो की ४७१ ते ४८७ या अंगांत या माणसांची जी रांग लागते, ती वाचताना मला फार जवळची वाटली. आणि 'सो दरु' आसात आहे हे कळल्यावर लहानपणचं एक कोडं सुटलं. संध्याकाळीही गुरुद्वाऱ्यावरून जाताना सकाळची आठवण यायची, ती का, ते आज कळलं.

---

कातळवाट

एक शंका. ग्रंथसाहिबातले नामदेव आणि आपले नरसीचे नामदेव एकच, हे गृहीत धरून सगळे चाललेत. अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. भाषा पूर्ण वेगळी आहे. उत्तरेत नामदेव नावाचे दुसरे संत असू शकतात, किंवा त्यांच्या नावावर नंतर कोणी रचलेलं असू शकतं.

---

गोदातीर

मतभेद आहेत, मान्य. मी भाषेचा अभ्यासक नाही. पण आसातलंच ४८५ अंगावरचं दुसरं पद तुमच्यासमोर ठेवतो, तुम्हीच बघा.

'आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ,
बइआलीस लख जी जल महि होते बीठलु भैला काइ करउ.'

आणिला कुंभ, भरविलं उदक, देवाला स्नान घालू म्हटलं. पण पाण्यात बेचाळीस लाख जीव, तिथे विठ्ठलच भरलेला. काय करू? पुढे फुलं आणली, माळ ओवली, तर भुंग्यानं आधीच वास घेतलेला. दूध आणून खीर रांधली, 'नैवेदु' दाखवू म्हटलं, तर 'पहिले दूधु बिटारिओ बछरै'. वासरानं आधीच दूध विटाळलेलं! 'बिटारिओ' वाचलं तेव्हा मी उठून आईला हाक मारली. आणि रहाउची ओळ: 'जत्र जाउ तत बीठलु भैला'. जिथे जावं तिथे विठ्ठल.

पुढच्या अंगावर आणखी एक पद आहे, त्यात ते म्हणतात 'छीपे के घरि जनमु दैला गुर उपदेसु भैला, संतह कै परसादि नामा हरि भेटुला'. दैला, भैला, भेटुला.

---

कातळवाट

'भैला' एकट्यावर जाऊ नका. पूर्वेकडच्या बोलींमध्येही 'ल'कारी भूतकाळ आहे. 'काइ' गुजराती-राजस्थानीतही सापडेल.

पण 'बिटारिओ' आणि 'बीठलु' दोन्ही एका पदात, हे वजनदार आहे. एवढं नक्की मानतो की ज्यानं हे रचलं त्याच्या कानात पंढरपूर होतं. बाकी निर्णय माझ्यापुरता राखून ठेवतो. पद मात्र विलक्षण आहे, आधी वाचलेलं नव्हतं. धन्यवाद.

---

सुईदोरा

पहिल्यांदाच इथे लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आम्ही नामदेव शिंपी. वडिलांचं बार्शीला टेलरिंगचं दुकान होतं.

'मनु मेरो गजु' वाचून वडिलांचा लोखंडी गज काढला. दुकान बंद झालं तेव्हा मशीन विकली, हा ठेवला. एका टोकाला किंचित वाकलाय. तो वाकलेला भाग सोडून मापायचं, हे वडिलांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की दुसरं कोणी त्या गजानं मापलं की कापड कमी पडायचं.

'मपि मपि काटउ' याचा अर्थ तुम्ही बरोबर दिलात, पण आमच्या घरात ते वेगळंच ऐकू येतं. शिंप्याला सगळ्यात पहिलं हेच शिकवतात: दोनदा माप, एकदा काप. शिवण उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही. 'मापून मापून' हे दोनदा तिथे उगीच आलेलं नाही. यमाचा फास कापायचा तर तोही घाईनं नाही कापायचा.

आणि त्यात 'रांगनि रांगउ सीवनि सीवउ' अशीही ओळ आहे ना? रंगवणं आणि शिवणं दोन्ही. छीपा म्हणजे कापड छापणारा, रंगवणारा. आमच्यात शिवणारे आहेत तसे रंगारीही आहेत. माझे मामा रंगारी. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याला दोन्ही कामं घरातली होती.

पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा आमच्या गावातून बस गेली होती, वडील गेले होते. नामदेव महाराज तिथं अखेरची वर्षं राहिले अशी तिकडची श्रद्धा आहे. वडील सांगायचे, तिथले लोक 'बाबा नामदेव' म्हणतात आणि शिंपी आहे म्हटल्यावर त्यांना हात धरून पुढं बसवलं. तिथं कीर्तन कुठल्या रागात चाललं होतं ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं. आता ते नाहीत.

---

रानजाई

सुईदोरा, तुम्ही लिहीत राहा. 'दोनदा माप, एकदा काप' वाचून अंगावर काटा आला.

---

भाता

मी पेटी वाजवतो म्हणून विचारतो. २०२२ मध्ये बातमी वाचली होती की हरमंदिर साहिबमधून तीन वर्षांत हार्मोनियम काढून तंतुवाद्यं आणा, अशी सूचना अकाल तख्ताकडून, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडून, गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी समितीला गेली. हुजूरी, तुमच्याकडे याकडे कसं बघतात? पेटी एवढी नकोशी का व्हावी? महाराष्ट्रात नाट्यसंगीत पेटीवर उभं राहिलं.

---

हुजूरी

नकोशी नाही हो. आम्ही तिला वाजा म्हणतो. आज बहुतेक गुरुद्वाऱ्यांत वाजाच आहे आणि मीही वाजवतो. शिकायला सोपा, आवाज मोठा, तीन जणांचा जथा कुठंही जाऊन कीर्तन करू शकतो. हे उपकार विसरायचे नाहीत.

पण वाजा आला उशिरा, इंग्रजांच्या काळात. आधी रबाब होता. गुरू नानकांसोबत भाई मरदाना रबाब घेऊनच चालले. मग सरंदा, ताऊस, पुढं दिलरुबा, आणि तालाला जोडी, म्हणजे तबल्यासारखं वाद्य. हरमंदिर साहिबमध्ये १९४७ पर्यंत रबाबी गायचे, ते मुसलमान, मरदान्याच्या परंपरेतले. फाळणीत ते पलीकडं गेले. कीर्तन ज्यांच्या गळ्यात पिढ्यान् पिढ्या होतं ती माणसंच गेली. आमच्याकडं वाद्यं बदलली त्यापेक्षा मोठं नुकसान हे झालं, असं मला वाटतं. आसाच्या कितीतरी रीती, म्हणजे जुन्या बंदिशी, त्यांच्यासोबत गेल्या असतील. ज्या राहिल्या त्या काही घराण्यांनी जपल्या. १९९१ ला लुधियानाजवळ जवद्दी कलांला संमेलन भरवून रागांची रूपं पुन्हा नक्की करायचा प्रयत्न झाला. आता मुलं-मुली दिलरुबा, ताऊस शिकतात, बघून बरं वाटतं.

आसासाठी तार का हवी ते षड्जगाम ताई जास्त चांगलं सांगतील.

---

षड्जगाम

प्रयत्न करते. काल दिवसभर हेच करत होते. शेजारच्या मुलाची दिलरुबा आहे, त्याला 'रे सा रे ग सा' वाजवायला सांगितलं आणि मी पेटीवर तेच वाजवलं. पेटीवर पाच वेळा पट्टी दाबली जाते, पाचही स्वर सुटे सुटे. दिलरुबेवर तो ऋषभावरून गंधाराला गेला तेव्हा मधली जागा रिकामी नव्हती. गंधाराला नुसता स्पर्श करून, तारेवर फिरवायचा गज न उचलता षड्जावर आला. एकच श्वास. मघाशी मी उंबऱ्याची उपमा दिली. पेटीवर उंबरा दिसतो, मागं वळून बघणं दिसत नाही.

पण भाता, म्हणून पेटी टाकून द्या असं मी म्हणणार नाही. गळा असेल तर गळाच मींड घेतो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जातो; पेटीनं फक्त धरून ठेवायचं. पेटीमागे गळा जायला लागला की राग चपटा होतो. हे आपल्या भजनी मंडळांनाही तितकंच लागू आहे.

---

भाता

पटलं. उद्यापासून साथीला असेन तेव्हा गायक मींडेत असताना स्वर धरून थांबेन, मागून धावणार नाही.

---

मळवट

'घर' म्हणजे काय ते राहिलंच.

---

हुजूरी

मथळ्यात 'घरु ४', 'घरु ८' असं येतं, सतरापर्यंत आकडे आहेत. कोणी ताल म्हणतं, कोणी त्याच रागाची वेगळी चाल म्हणतं. ताऊजी तालाच्या बाजूचे होते. त्यांच्यासमोर मी कधी वाद घातला नाही.

---

षड्जगाम

मंडळी, 'जत्र जाउ तत बीठलु भैला' ही रहाउची ओळ आसात बांधून बघितली. चाल माझी आहे, कुठल्या जुन्या रीतीची नाही, म्हणून आधीच परवानगी मागते. मध्य लय, सोळा मात्रा. 'जत्र जाउ' ला सा रे म, 'तत' ला प, 'बीठलु' वरच्या ध ला नेला आणि 'भैला' ला नि ध प म ग, मग रे सा रे ग सा. हुजूरी, काही खटकतंय का?

---

हुजूरी

खटकत नाही, गोड आहे. आज सकाळी गाऊन बघितली. फक्त एक. तुम्ही 'बीठलु' धैवतावर ठेवला. तिथं तो चढतीतला एक स्वर होऊन जातो, थांबत नाही. आसाचा जीव मध्यमात आहे. 'जत्र जाउ तत' वर फिरा, सांपर्यंत गेलात तरी चालेल, जिथं जावं तिथं म्हणताय ना, मग जा सगळीकडं. खाली उतरताना 'बीठलु' मध्यमावर आणा आणि तिथं उभे राहा. 'भैला' मग आपोआप ग रे सा रे ग सा मध्ये बसेल.

---

षड्जगाम

बसलं. पहिल्याच फेरीत बसलं. सा रे म प ध सां, मग नि ध प घेऊन 'बीठलु' मध्यमावर. तिथून हलावंसंच वाटत नाही. संध्याकाळच्या वर्गाला हेच शिकवते.

सुईदोरा, 'मनु मेरो गजु' पण बांधायचं आहे. त्यात 'मपि मपि' दोनदा कसं म्हणायचं? सारखंच, की दुसऱ्यांदा सावकाश?

---

सुईदोरा

दुसऱ्यांदा सावकाश. वडील दुसऱ्यांदा मापताना बोलत नसत. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी तेवढा वेळ थांबायचं. तिथं थोडी जागा सोडता आली तर सोडा, आणि मग 'काटउ'.